सर्व्हर रूमचे स्थलांतर आणि परतीची वाट : मलकापूरच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रास्ताविक

कोल्हापुराहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटाच्या अलीकडे शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर हे गाव लागते. या गावाला जे महत्त्व आले त्याच्या मुळाशी एक स्थलांतर आहे. १८४४ साली कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांचे बंड झाले. ते मोडून काढल्यावर विशाळगडाची तटबंदी पाडण्यात आली आणि पंत प्रतिनिधींच्या जहागिरीचे मुख्य ठाणे गडावरून मलकापुरास आले. ठाणे हलते तेव्हा केवळ माणसे व सामान हलत नाही; कोणाचे किती देणे, कोणाची कोणती जमीन, कोणाचा कोणता हक्क, हे ज्यावर ठरते ते दप्तरही हलवावे लागते. त्या स्थलांतरात एक गोष्ट निर्णायक होती. गड पाडला गेल्यामुळे परत जाण्याचा प्रश्नच उरला नाही.

आजच्या व्यवसायसंस्थेचे दप्तर बासनात बांधलेले नसते. ते सर्व्हर रूम नावाच्या एका लहानशा, थंड ठेवलेल्या खोलीत असते. ही खोली एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याचे प्रसंग आता तालुक्याच्या गावीही येऊ लागले आहेत. जुनी इमारत सोडावी लागते, नवी बांधून होते, किंवा एखाद्या पावसाळ्यात उंबऱ्यापर्यंत आलेले पाणी संचालक मंडळाला जागे करते. अशा वेळी बहुधा प्रश्न विचारला जातो तो, 'यंत्रे सुरक्षित कशी न्यावीत?' असा. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हा प्रश्न अपुरा आहे. 'कोणत्या क्षणापर्यंत आपल्याला परत फिरता येईल, आणि तो क्षण कोणी व केव्हा ठरवावयाचा?' हा खरा प्रश्न होय. स्थलांतराच्या सर्व नियोजनाची उभारणी या दुसऱ्या प्रश्नावर केली, तरच पहिल्याचे उत्तर नीट मिळते.

२. उदाहरण आणि त्यातील जोखीम

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. मलकापुरात एक नागरी सहकारी पतसंस्था आहे. तिच्या शाखा बांबवडे, सरूड व आंबा येथे आहेत. मुख्य कार्यालय बाजारपेठेतील एका जुन्या, कौलारू, दगडी घरात असून तळमजल्यावरील मागच्या खोलीत तिचे तीन सर्व्हर, माहितीसाठ्याचे एक यंत्र, स्विच, राउटर, यूपीएस व बॅटऱ्या आहेत. हे सर्व अर्ध्या किलोमीटरवरील नव्या सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर न्यावयाचे आहे.

अंतर अवघे अर्धा किलोमीटर असल्यामुळे काम सोपे वाटते. परंतु या कामातील धोका अंतराच्या प्रमाणात नसतो. यंत्र पाचशे मीटर नेले काय किंवा पन्नास किलोमीटर नेले काय, ते बंद करणे, सुटे करणे, पुन्हा जोडणे आणि पुन्हा चालू करणे हे चारही प्रसंग सारखेच घडतात, आणि बहुतेक अपघात या चार प्रसंगीच होतात.

जोखीम नेमकी कोणाची, हेही आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. या परिसरात दुधाचे बिल दर दहा दिवसांनी खात्यावर जमा होते आणि कित्येक घरांचा बाजार त्या दिवसावर अवलंबून असतो. उसाची बिले, लग्नसराईतील ठेवींची मोड, दवाखान्यासाठी लागणारी रक्कम यांपैकी काहीही 'सर्व्हर बंद आहे' या उत्तरावर थांबत नाही. शिवाय २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घालून खातेदारास आरंभी केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा दिली, तेव्हापासून सहकारी संस्थेच्या दारावरील 'व्यवहार बंद' ही पाटी सामान्य ठेवीदार निश्चिंत मनाने वाचीत नाही. तांत्रिक कारणाने दोन दिवस बंद राहिलेली खिडकी तिसऱ्या दिवशी अफवेचे कारण होऊ शकते. यंत्र मोडले तर विमा मिळतो. विश्वास मोडला तर त्याची भरपाई कोणताही विमा करीत नाही. म्हणून स्थलांतर हा केवळ संगणक विभागाचा विषय न राहता संचालक मंडळाच्या ठरावाचा विषय झाला पाहिजे.

३. नव्या जागेची परीक्षा

नव्या जागेच्या परीक्षेत पाणी, भार, उष्णता आणि अर्थिंग अशा चार बाबी येतात.

(अ) पाणी. सह्याद्रीच्या माथ्याजवळच्या या पट्ट्यात पाऊस भरपूर असल्याने तळमजला वर्ज्य मानणे योग्यच. परंतु पहिला मजलाही आपोआप सुरक्षित ठरत नाही. खोलीच्या वर गच्चीवरील पाण्याची टाकी, शेजारी स्वच्छतागृह किंवा भिंतीतून जाणारा नळ असेल तर पाणी वरून येते. सर्व्हर रूमच्या छतावरून पाण्याची एकही वाहिनी जाऊ नये, हा नियम निरपवाद समजावा.

पाण्याचाच दुसरा, अधिक व्यापक पैलू पर्यायी प्रतीच्या जागेसंबंधी आहे. मलकापुरातील संस्था आपली दुसरी प्रत सहजच कोल्हापुरास ठेवते. आता भूगोल पाहा. मलकापूरच्या परिसरातील पाणी कडवी नदीने वारणेत जाते. कोल्हापूर पंचगंगेकाठी आहे. नद्या दोन असल्या तरी दोहींना पाणी देणारा पाऊस एकाच डोंगररांगेवरचा आहे. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली. अशा पुरात शिवाजी पुलापलीकडचा आंबेवाडी–चिखलीचा सखल पट्टा पाण्याखाली जातो आणि कोल्हापूर–मलकापूर दळणवळणच तुटते. म्हणजे ज्या दिवशी मलकापुरातील संस्थेला दुसऱ्या प्रतीची गरज भासण्याचा संभव सर्वाधिक, त्याच दिवशी कोल्हापुरातील प्रत हाताशी नसण्याचा संभवही सर्वाधिक. ज्या दोन जागा एकाच कारणाने एकाच वेळी संकटात सापडतात, त्या हिशेबात एकच जागा धरल्या पाहिजेत. म्हणून दुसरी प्रत पुणे किंवा सोलापूर अशा निराळ्या नदीखोऱ्यात ठेवणे उचित.

(आ) भार. सर्व्हर दिसतात म्हणून त्यांचेच वजन मोजले जाते. प्रत्यक्षात जड असतात त्या बॅटऱ्या. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची एक शिसे-आम्ल बॅटरी सुमारे ३० किलोग्रॅम भरते. अशा १६ बॅटऱ्यांचे वजन ४८० किलोग्रॅम होते आणि त्या एक मीटर लांब व अर्धा मीटर रुंद अशा घोड्यावर रचल्या तर त्याखालील जागेवर दर चौरस मीटरला ९६० किलोग्रॅम भार येतो. राहत्या घराचा मजला सामान्यतः दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम भार गृहीत धरून आखलेला असतो. या दोन आकड्यांची सरळ तुलना करून मजला खचेल असे म्हणणे घाईचे होईल, कारण मजल्यासाठी गृहीत धरलेला भार संपूर्ण खोलीवर सारखा पसरलेला असतो, तर बॅटऱ्यांचा भार एका कोपऱ्यात एकवटलेला असतो. तथापि, घोडा तुळईच्या रेषेवर ठेवावा की नाही, खाली पोलादी पत्रे घालून भार पसरवावा की नाही, हे रचना-अभियंत्याने लेखी सांगितले पाहिजे.

(इ) उष्णता. सर्व्हर जेवढी वीज घेतो तेवढी सर्व शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. आपल्या उदाहरणातील यंत्रे ४ किलोवॉट वीज घेतात असे मानले, तर एक टन शीतकरण म्हणजे ३.५१७ किलोवॉट या हिशेबाने १.१४ टन शीतकरण केवळ यंत्रांनाच लागेल. यूपीएसमधील नाश, भिंतीतून येणारी उष्णता व माणसांची ये-जा धरून दीड टन घ्यावे. परंतु दीड टनाचा एकच एसी लावणे म्हणजे संपूर्ण संस्थेचा व्यवहार एका कंप्रेसरवर टांगणे होय. म्हणून दीड टनाचे दोन एसी बसवून ते आळीपाळीने चालवावेत. यंत्रांच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस या मर्यादेत राहावी, ही आज सर्वत्र रूढ असलेली शिफारस आहे.

(ई) अर्थिंग. या भागातील पठारांवर जांभा दगड विपुल आहे. अशी जमीन पावसाळ्यात ओलावा धरते तेव्हा अर्थिंगचा रोध कमी भरतो. उन्हाळ्यात ती कोरडी पडली की तोच रोध वाढतो. जुलैत केलेली मोजणी म्हणूनच खोटे समाधान देते. अर्थिंग मे महिन्यात मोजावे. नेमक्या त्याच सुमारास वळवाच्या पावसाबरोबर विजा कडाडतात, हे ध्यानात घेतले म्हणजे मोजणीचा महिना निवडण्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

४. परस्परावलंबनाचा तक्ता

स्थलांतरापूर्वी यंत्रांची यादी सर्वच करतात. यादीत नाव, अनुक्रमांक, किंमत, हमीची मुदत असते. ही यादी आवश्यक आहे, पण ती 'काय आहे' एवढेच सांगते. 'कोण कोणावर अवलंबून आहे' हे सांगत नाही. स्थलांतर फसते ते बहुधा या न लिहिलेल्या संबंधांमुळे.

आपल्या संस्थेपुरता विचार केला तरी असे दिसेल की, शाखेतील खिडकीवरची नोंद मुख्य प्रणालीकडे जाते. प्रणाली माहितीसाठ्याला विचारते. साठा दुसऱ्या यंत्रावरील घड्याळाप्रमाणे वेळ लावतो. एसएमएस पाठवणारी यंत्रणा बाहेरच्या कंपनीकडे ठरावीक आयपी पत्त्यावरूनच ओळखली जाते. आणि दूध संघाकडून येणारी बिलांची फाइल रात्री ठरावीक वेळी एका जुन्या संगणकावर उतरते, जो यादीत 'टेबलावरील संगणक' म्हणून नोंदला आहे. नव्या इमारतीत आयपी पत्ता बदलला तर एसएमएस बंद पडतील. तो 'टेबलावरील संगणक' जुन्याच इमारतीत राहिला तर दहाव्या दिवशी दुधाचे बिल जमा होणार नाही, आणि तोवर स्थलांतर यशस्वी झाल्याचा ठरावही झालेला असेल.

असा तक्ता कार्यालयात बसून पूर्ण होत नाही. एक संपूर्ण आर्थिक महिना प्रत्येक यंत्राकडे कोण येते व ते कोणाकडे जाते याची नोंद ठेवावी लागते. महिना म्हणण्याचे कारण असे की, काही कामे रोज होतात, काही दहा दिवसांनी, तर व्याजआकारणीसारखी काही महिनाअखेरीसच. याशिवाय ज्या लिपिकाने ही व्यवस्था प्रथम बसवली त्याच्याशी निवांत बोलावे. कित्येक जोडण्या केवळ त्याच्या स्मरणात असतात.

इंटरनेट जोडणीची मागणी काही आठवडे आधी करावी आणि दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या जोडण्या घ्याव्यात. मात्र दोन कंपन्यांच्या तारा रस्त्याकडेच्या एकाच चरातून आल्या असतील, तर रुंदीकरणाच्या कामातील जेसीबीचा एकच फटका दोन्ही तोडतो. म्हणून कंपनीचे नाव न विचारता तारेचा मार्ग विचारावा. मागवलेल्या सामानाच्या पत्त्यात तालुका व जिल्हा ठळक लिहावा, ही सूचना क्षुल्लक वाटेल. पण मलकापूर बुलढाणा जिल्ह्यात आहे, साताऱ्यात कराडजवळ आहे आणि कोल्हापुरातही आहे, हे विसरून चालणार नाही.

५. माहितीची प्रत

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या वरच्या मजल्यांना आग लागली आणि अनेक विभागांची कागदपत्रे जळाली. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ज्या ग्राहकांच्या राखीव प्रतीही त्याच आवारात होत्या, त्यांपैकी काहींची माहिती कायमची गेली. पहिल्या घटनेत कागद जळाला, दुसऱ्या घटनेत डिस्क जळाली. मूळ आणि प्रत एकाच छपराखाली असणे हा दोष मात्र दोन्हीकडे लागू पडतो.

स्थलांतराच्या दिवशी हाच दोष नकळत निर्माण होतो. सर्व्हर आणि राखीव प्रतीची डिस्क एकाच टेंपोत जातात. तेवढ्या अर्ध्या तासापुरते संस्थेचे सारे दप्तर एका वाहनात, एका चालकाच्या हवाली असते. म्हणून प्रत स्वतंत्र वाहनाने, स्वतंत्र माणसाने, शक्य तर आदल्या दिवशी न्यावी, आणि तिसरी प्रत गावाबाहेर असल्याची खात्री केल्यावाचून पहिली तार उपसू नये. डिस्क सांकेतिक रूपात कुलूपबंद असावी व ती कोणी कोणाच्या ताब्यात दिली याची सहीनिशी नोंद असावी. ठेवीदारांची वैयक्तिक माहिती जपण्याची जबाबदारी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संस्थेवरच टाकली आहे, हमालावर नाही.

प्रत किती वेळात होईल याचा हिशेब आधी करावा. समजा, एकूण माहिती ४ टेराबाइट आहे व जोडणीचा वेग सेकंदास १०० मेगाबिट आहे. तर ४ टेराबाइट म्हणजे ३२ लाख कोटी... अर्थात ३,२०,००,००० मेगाबिट, आणि ते पाठवण्यास ३,२०,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ ८९ तास लागतील. शनिवार-रविवारच्या सुटीत हे बसत नाही. म्हणून मूळ प्रत आठवडाभर आधी डिस्कवर घालून नव्या जागी नेऊन ठेवावी आणि नंतरचे फक्त फरक जोडणीवरून पाठवावेत. दिवसाला ४ गिगाबाइट फरक पडत असेल तर तो त्याच जोडणीवरून साडेपाच मिनिटांच्या आत जातो.

शेवटी, प्रत घेतली म्हणजे प्रत मिळाली असे नव्हे. ज्या प्रतीवरून दुसऱ्या यंत्रावर संपूर्ण प्रणाली एकदा तरी उभी करून पाहिलेली नाही, तिला प्रत न म्हणता केवळ आशा म्हणावे. ही परीक्षा घेताना आपल्याकडची जुनी हिशेबपद्धती उत्तम साधन ठरते. मूळ प्रणालीची त्या क्षणाची तेरीज काढावी, प्रतीवरून उभारलेल्या प्रणालीची तेरीज काढावी, आणि दोन्ही पैशापर्यंत जुळवाव्यात. खात्यांची संख्या, प्रत्येक खतावणीची बेरीज आणि यदृच्छेने निवडलेली पन्नास पासबुके यांचीही तुलना करावी. फाइलींचे हॅश जुळले म्हणजे अक्षरे जुळली हे संगणकतज्ज्ञास पटते. तेरीज जुळली म्हणजे पैसे जुळले हे लेखापरीक्षकास आणि संचालकास पटते. दोन्ही खात्र्या हव्यात.

६. मुहूर्त आणि परतीची घटिका

जून ते सप्टेंबर हा काळ टाळावा. त्याचे कारण केवळ रस्त्यावरील चिखल नव्हे. पावसाळ्यात बाहेरची हवा २६ अंश तापमानाची व ९० टक्के आर्द्रतेची असेल तर तिचा दवबिंदू २४ अंशांच्या आसपास येतो. २० अंशांवर गार झालेले यंत्र अशा हवेत आणले की त्याच्या धातूच्या अंगावर, आतील पट्ट्यांवरही, दव धरते. या ओल्या स्थितीत वीज दिली तर यंत्र जळण्याचा संभव असतो. कोरड्या ऋतूतही यंत्र प्लॅस्टिकच्या आवरणात बंद करून न्यावे आणि नव्या खोलीच्या तापमानाशी एकरूप होईपर्यंत काही तास चालू करू नये. मार्चअखेर हिशेबांमुळे वर्ज्य, दिवाळीपूर्वीचे दिवस ठेवींच्या उलाढालीमुळे वर्ज्य. तेव्हा दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा, दुधाचे बिल नुकतेच जमा झालेले आहे असा आठवडाअखेर निवडावा.

बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुटी असते. आपली संस्थाही ती पाळते असे धरू. म्हणजे शुक्रवारी रात्री ८ पासून सोमवारी सकाळी ९ पर्यंत ६१ तास मिळतात. जाण्याच्या कामाचा अंदाज असा :

हिशेब बंद करणे, अखेरची प्रत व तिची तपासणी : ८ तास
यंत्रे बंद करणे, खुणा, सुटे करणे : ५ तास
वाहतूक : २ तास
तापमान स्थिरावणे : ४ तास
जोडणी व वीज देणे : ८ तास
तेरीज व शाखांची चाचणी : ७ तास

एकूण ३४ तास. ६१ तासांपैकी २७ तास शिल्लक राहतात, म्हणजे भरपूर उसंत आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. पण आता परतीचा हिशेब करू. काही कारणाने नव्या जागी प्रणाली उभी राहिली नाही, तर सुटे करण्यास ४, वाहतुकीस २, स्थिरावण्यास ४, जोडणीस ६ व तपासणीस ५ असे २१ तास लागतील. रात्रभर जागलेली माणसे हे काम करणार असल्याने ३ तास अधिक धरावेत. परतीस २४ तास लागतील तर परतीचा निर्णय सोमवारी सकाळी ९ च्या २४ तास आधी, म्हणजे रविवारी सकाळी ९ वाजता झालाच पाहिजे. जाण्याचे काम मात्र रविवारी सकाळी ६ वाजता संपणार आहे. तेव्हा २७ तासांची वाटणारी उसंत वास्तविक केवळ ३ तासांची आहे.

या ३ तासांत एखादी डिस्क चालू झाली नाही, एक तार चुकली, एका शाखेची जोडणी लागली नाही, तर काम करणाऱ्यांसमोर कठीण प्रसंग उभा राहतो. 'अजून अर्ध्या तासात होईल' असे प्रत्येकास वाटते, कारण चौतीस तास खपल्यावर मागे फिरणे मनाला पटत नाही. म्हणून परतीची घटिका आधीच लिहून ठेवावी आणि तो निर्णय घेण्याचा अधिकार प्रत्यक्ष तारा जोडीत नसलेल्या एका व्यक्तीस द्यावा. रविवारी सकाळी ९ वाजता तेरीज जुळलेली नसेल तर परत फिरावयाचे; त्या वेळी चर्चा करावयाची नाही.

हा ताण कमी करण्याचा एक उपाय आहे : जुनी यंत्रे हलवूच नयेत. तात्पुरता एक सर्व्हर भाड्याने घेऊन तो नव्या जागी आधीच उभा करावा, त्यावर माहितीची प्रत चालू ठेवावी, आणि ठरल्या रात्री फक्त शाखांना नव्या पत्त्याकडे वळवावे. जुनी यंत्रे जुन्या जागी जशीच्या तशी राहतात. परतीस मग २४ तासांऐवजी सुमारे ३ तास पुरतात. परतीची घटिका रविवारी सकाळी ९ वरून सोमवारी पहाटे ६ पर्यंत पुढे जाते. भाड्याच्या रकमेत आपण यंत्र विकत घेत नसून २१ तासांचा अवधी विकत घेत असतो, हे संचालक मंडळापुढे अशाच शब्दांत मांडले पाहिजे. या पद्धतीत नावावरून पत्ता शोधण्याच्या नोंदीची मुदत आधी कमी करून ठेवावी लागते. ही मुदत २४ तासांची असेल तर ती ३०० सेकंदांवर आणण्याचे काम निदान २४ तास आधी व्हावे. नाहीतर शाखा जुन्याच पत्त्यावर ठोठावीत राहतील.

७. पहिली नोंद

येथे विवेचनाचा मुख्य मुद्दा येतो. परतीची वाट यंत्र उचलल्याने बंद होत नाही. ती बंद होते नव्या जागी पहिली नवी नोंद पडल्याने. सोमवारी सकाळी सरूडच्या खिडकीवर कोणी ५०० रुपये भरले आणि ते नव्या सर्व्हरवर लिहिले गेले, त्या क्षणापासून जुन्या सर्व्हरवरील हिशेब खरा राहत नाही. आता परत जाणे म्हणजे यंत्र परत नेणे नव्हे, तर मधल्या नोंदी एकेक करून परत नेणे होय.

पूर्वी रोजकीर्द मिटून पेटीत ठेवली की हिशेब रात्रभर झोपत असे. आता तसे राहिले नाही. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून अहोरात्र चालू आहे. संस्थेच्या खिडक्या बंद असल्या तरी तिच्या बँकेतील खात्यात रविवारी पहाटेही रक्कम येऊ शकते, आणि एखादे स्वयंचलित काम ती उचलून नोंदवू शकते. तपासणी पूर्ण होण्यापूर्वी अशी एक नोंद नव्या सर्व्हरवर आणि दुसरी जुन्यावर पडली, तर दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर दिसतात आणि एकत्र केल्यावर दोन्ही चुकतात. म्हणून शुक्रवारी रात्री सर्व स्वयंचलित कामे थांबवून त्यांची यादी करावी; येणारी नोंद एका वेगळ्या रांगेत साठवावी; आणि अधिकृत परवानगीनंतरच ती रांग मोकळी करावी. 'आता नोंदी सुरू करा' हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार एकाच व्यक्तीस असावा.

८. प्रत्यक्ष हालवाहालव

राहिलेल्या सूचना थोडक्यात देता येतील. वर्षानुवर्षे अखंड चाललेली डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच असे नाही. म्हणून स्थलांतराच्या आठवडाभर आधी जुन्याच जागी सर्व यंत्रे एकदा बंद करून पुन्हा चालू करावीत. जे मोडणार असेल ते तेथे मोडू द्यावे. दोष वयाचा की वाहतुकीचा हा वाद उरत नाही आणि सुटा भाग मागवण्यास वेळ मिळतो.

बंद करताना प्रथम प्रणाली, मग माहितीसाठ्याची व्यवस्था, मग साठ्याचे यंत्र, शेवटी स्विच व राउटर असा क्रम ठेवावा. चालू करताना नेमका उलटा. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लावावा आणि सुटे करण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. डिस्क ज्या खणात होती त्याच खणात परत जावी, यासाठी डिस्कवर व खणावर खूण असावी. भरलेला रॅक उभाच्या उभा टेंपोत चढवू नये. यंत्रे काढून, अंगची वीज न धरणाऱ्या पिशव्यांत घालून, फोमवर आडवी ठेवून न्यावीत. वाहन बंद असावे, ताडपत्री पुरेशी नाही.

स्थलांतरानंतर जुनी खोली निदान एक संपूर्ण महिना, व्याजआकारणी एकदा नव्या जागी बिनचूक होईपर्यंत, मोडू नये. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने दिलेल्या निर्देशांनुसार प्रणालीच्या कामकाजाच्या नोंदी १८० दिवस जपावयाच्या असतात. जुने यंत्र भंगारात देण्याच्या उत्साहात या नोंदी जाऊ नयेत. भंगारात देण्यापूर्वी डिस्क पुसली किंवा फोडली गेल्याचे प्रमाणपत्र घ्यावे.

९. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा की, सर्व्हर रूमच्या स्थलांतराची सुरक्षितता तिजोरी, टेंपो किंवा तंत्रज्ञ यांपैकी कोणा एकावर अवलंबून नाही. परतीला लागणारा वेळ मोजणे, परतीची घटिका लिहून ठेवणे आणि पहिल्या नोंदीवर अधिकाराचे कुलूप ठेवणे, या तीन गोष्टींवर ती अवलंबून आहे. या तिन्हींसाठी मोठा खर्च लागत नाही, पण संचालक मंडळाची आधीची संमती लागते. कारण रविवारी सकाळी मागे फिरण्याचा निर्णय घेणारी व्यक्ती सोमवारी दोषी ठरणार असेल, तर असा निर्णय कोणीही घेणार नाही.

विद्यार्थ्यांना या विषयात अभ्यासास पुष्कळ वाव आहे. आपापल्या तालुक्यातील एखाद्या संस्थेचा परस्परावलंबनाचा तक्ता तयार करणे, तिच्या परतीच्या वेळेचा हिशेब मांडणे आणि तिच्या दोन प्रती खरोखर दोन आहेत की एकाच पावसाच्या छायेत आहेत हे तपासणे, एवढे काम केले तरी ते त्या संस्थेच्या प्रत्यक्ष उपयोगी पडेल.

१८४४ साली विशाळगडाची तटबंदी पाडली गेली आणि ठाणे मलकापुरास आले. राज्यकर्त्यांना तेथे परतीची वाट ठेवावयाचीच नव्हती. पतसंस्थेची गोष्ट अगदी उलट आहे. नव्या ठाण्यावर तेरीज जुळेपर्यंत, दुधाचे पहिले बिल बिनबोभाट जमा होईपर्यंत आणि महिन्याचे व्याज पैशापर्यंत बरोबर लागेपर्यंत तिने आपला जुना गड उभा ठेवावा.